वेठ, बिगार आणि दंडसंहिता

ठाण्याच्या वागळे इस्टेटींत सकाळीं सातच्या सुमारास गेलें असतां एखाद्या नाक्यावर चाळीस-पन्नास माणसें उभीं असलेलीं दिसतात. कोणाच्या हातांत थापी, कोणाच्या खांद्यावर फावडें, तर पुष्कळांजवळ कांहींच नाहीं. ठेकेदार दुचाकीवरून येतो, "दोन मिस्त्री, चार बिगारी" एवढेंच म्हणतो, रोज ठरतो आणि तितकीं माणसें त्याच्यामागून चालूं लागतात. ज्यास गवंडीकाम येत नाहीं, जो केवळ माल वाहून देतो, तो बिगारी. हा शब्द उच्चारतांना ठेकेदारास कांहीं वाटत नाहीं, ऐकतांना मजुरासहि वाटत नाहीं. आणि आम्ही स्वतः तो कित्येक वर्षें ऐकत आलों असूनहि आम्हांस त्यांत कांहीं खटकलें नव्हतें. परंतु शब्दाचा मूळ अर्थ पाहूं गेल्यास बिगारी म्हणजे मोल न घेतां, किंबहुना मोल मागण्याचा हक्कच नसतां, दुसऱ्याचें काम करणारा. जो मनुष्य रोज ठरवून मगच पाऊल उचलतो त्याला हें नांव चिकटून राहावें, ही भाषेनें केलेली थट्टाच म्हणावयाची.

बिगार हा शब्द आपल्याकडे फारसींतून आला. त्याचा सोबती जो वेठ, तो याहून पुष्कळच जुना. संस्कृत विष्टि या शब्दाचें तें मराठी रूप. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत विष्टीचा उल्लेख आहे, आणि विदर्भांतील वाकाटक राजांच्या ताम्रपटांत दान दिलेलें गांव विष्टीपासून मुक्त केल्याचें नमूद केलेलें असतें. ज्या गोष्टींतून मुक्तता दिल्याचें तांब्याच्या पत्र्यावर कोरून ठेवावें लागतें, ती गोष्ट बाकीच्या गांवांतून सर्रास चालत असली पाहिजे. आज मात्र 'वेठीस धरणें' हा वाक्प्रचार आपल्या वर्तमानपत्रांत बहुधा एकाच प्रसंगीं वाचावयास मिळतो: कामगारांनीं संप केला म्हणजे त्यांनीं जनतेस वेठीस धरलें! शतकानुशतकें जे वेठीस धरले गेले, त्यांनीं एक दिवस हात आखडतांच तोच शब्द त्यांच्यावर उलटावा, याचें आम्हांस नेहमींच नवल वाटत आलें आहे.

ही शब्दचर्चा आठवण्यास कारण असें कीं, १ जुलै २०२४ पासून १८६० ची जुनी दंडसंहिता जाऊन तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. नव्या संहितेंत माणसांच्या चोरट्या व्यापाराविषयीं आणि सक्तीच्या मजुरीविषयीं काय म्हटलें आहे, हें पाहत असतां आम्ही मागें मागें जात राहिलों, आणि ठाणें जिल्ह्याच्या इतिहासाशीं येऊन ठेपलों.

आमच्याकडे गुलाम नव्हते, फार तर जुने इमानी नोकर होते, असें एक समाधान सुशिक्षित घरांतून ऐकूं येतें. तें टिकणारें नाहीं. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींची खरेदी-विक्री, त्यांच्या किमती आणि एका घरांतून दुसऱ्या घरीं त्यांस दिल्याच्या नोंदी सांपडतात. खासगी वाड्यांप्रमाणें सरकारी पागांत व कोठारांतहि त्या राबत असत. खुद्द ठाणें आणि वसई हा मुलूख १७३७ ते १७३९ या काळांत मराठ्यांनीं जिंकण्यापूर्वीं पोर्तुगीजांचा होता, आणि त्यांच्या अमलांत आफ्रिकेंतून आणलेले गुलाम येथें होते. तेव्हां या पापांत कोणा एका धर्माचा किंवा एका राजवटीचा मक्ता होता असें नाहीं.

इंग्रजांनीं ७ एप्रिल १८४३ रोजीं गुलामगिरीविरुद्ध जो कायदा केला त्यांत अवघीं चार कलमें आहेत. सरकारी येणें वसूल करण्यासाठीं किंवा न्यायालयाचा हुकूम बजावण्यासाठीं कोणाहि मनुष्याची गुलाम म्हणून विक्री करूं नये. मनुष्य आपली मालमत्ता आहे असा दावा कोणत्याहि न्यायालयानें मान्य करूं नये. गुलाम होता एवढ्या कारणावरून कोणाची कमाई किंवा मिळकत हिरावून घेऊं नये. आणि स्वतंत्र मनुष्याविरुद्ध केलें असतां जें कृत्य गुन्हा ठरतें तें गुलाम म्हटलेल्या मनुष्याविरुद्ध केल्यासहि गुन्हाच मानावें. या चार कलमांत एक मोठी खुबी आहे, आणि तिच्याइतकीच मोठी उणीव आहे. गुलाम बाळगणें हा गुन्हा आहे असें त्यांत कोठेंच म्हटलेलें नाहीं. सरकारनें फक्त आपला हात काढून घेतला. धन्यानें गुलाम पळून गेल्याची फिर्याद आणली तर न्यायालय ती ऐकणार नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. जो पळून जाण्याइतका धीट नव्हता, किंवा ज्याला कायदा झाल्याचें कोणी सांगितलेंच नाहीं, त्याच्या चुलीपर्यंत हा कायदा कसा पोंचणार?

ती उणीव १८६० च्या दंडसंहितेनें भरून काढली असें पुस्तकांतून सांगतात. १ जानेवारी १८६२ पासून ती अमलांत आली. तिच्या ३७० व्या कलमानें मनुष्यास गुलाम म्हणून विकत घेणें, विकणें किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध अडकवून ठेवणें यांस सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली. ३७१ व्या कलमानें असा व्यापार संवयीनें करणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मभराचीहि. आणि ३७४ व्या कलमानें कोणास त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदा राबविणाऱ्यास एक वर्षापर्यंत. या शेवटच्या आंकड्यापाशीं वाचकांनीं क्षणभर थांबावें अशी आमची विनंति आहे. त्याच संहितेंत साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती. शेजाऱ्याच्या ओसरीवरची खुर्ची उचलून नेली तर तीन वर्षें, आणि शेजाऱ्यालाच उचलून आपल्या शेतांत राबविलें तर एक! नव्या न्याय संहितेंत या कलमाचा क्रमांक १४६ झाला आहे. शिक्षा एकच वर्ष राहिली आहे.

परंतु खरी गंमत (गंमत हा शब्द येथें वापरवत नाहीं, पण दुसरा सुचत नाहीं) याच काळांतल्या दुसऱ्या एका कायद्यांत आहे. तो म्हणजे मजुरानें करार मोडण्यासंबंधींचा १८५९ चा तेरावा कायदा. दंडसंहितेच्या आदल्याच वर्षीं झालेला. कारागिरानें किंवा मजुरानें कामासाठीं आगाऊ रक्कम घेतली आणि काम सोडलें, तर धन्यानें मॅजिस्ट्रेटकडे जावें. मॅजिस्ट्रेटनें मजुरास रक्कम परत करावयास अथवा काम पुरें करावयास फर्मावावें. आणि मजुरानें तें न केल्यास त्यास तीन महिन्यांपर्यंत तुरुंगांत घालावें. कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन शहरांसाठीं तो प्रथम झाला आणि मग इतरत्रहि लागू होत गेला. आसामच्या चहामळ्यांत त्याचा उपयोग धन्यांनीं मनसोक्त केला. दुसऱ्या बाजूस, धन्यानें मजुरी बुडविली तर मजुरानें काय करावें? दिवाणी दावा लावावा. म्हणजे एकाच व्यवहारांत मजुराची चूक फौजदारी आणि धन्याची चूक दिवाणी. फौजदारी कायद्यानें सक्तीच्या मजुरीकडे पाहिलें तें आधीं या बाजूनें, हें आपल्या कायद्याच्या इतिहासांत सहसा सांगितलें जात नाहीं. दंडसंहितेच्या ४९२ व्या कलमांतहि धन्याच्या खर्चानें दूरदेशीं नेलेल्या नोकरानें काम सोडणें हा गुन्हा होता. हे दोन्ही पाश १९२५ च्या कायद्यानें सुटले. म्हणजे जवळजवळ सहासष्ट वर्षें उचल घेतलेला मजूर आणि कैदी यांच्यांत एका अर्जाचेंच अंतर होतें.

आतां ठाणें जिल्ह्याकडे वळूं. १९३५ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील जे प्रदेश 'अंशतः वगळलेले' ठरविले, त्यांत या जिल्ह्यांतील डहाणू व शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगांव हे पेटे होते. तेथील आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्याचें काम सरकारनें सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे सोंपविलें आणि त्याचा अहवाल १९३९ सालीं प्रसिद्ध झाला. अधिकाऱ्याच्या लेखणींतून उतरलेला असूनहि हा अहवाल सरकारी थंडपणानें लिहिलेला नाहीं. जमीन सावकाराकडे कशी गेली, ज्या शेतावर वारल्यानें पूर्वीं स्वतःचें पीक काढलें त्याच शेतावर तो खंडकरी कसा झाला, आणि खंडाबरोबर वेठहि त्याच्या बोकांडीं कशी बसली, हें सारें त्यांत आहे.

त्या वेठीचा सर्वांत क्रूर प्रकार 'लग्नगडी' या नांवानें ओळखला जाई. वारली तरुणास लग्न करावयाचें तर थोडे पैसे लागत. ते सावकार देई. कागदावर अंगठा होई, लग्न होई, आणि दुसऱ्या दिवसापासून नवरा सावकाराचा गडी. नुसता नवराच नव्हे, त्याची बायकोहि. पोटाला धान्य मिळे. कर्ज मात्र फिटत नसे, कारण त्यांनीं केलेल्या कामाची किंमत लावणारा आणि व्याज मोजणारा मनुष्य एकच होता. आपल्या घरांतून लग्नाच्या वाढदिवशीं पेढे वांटले जातात. ज्यांच्या गुलामगिरीची तिथि आणि लग्नाची तिथि एकच, अशीं जोडपीं मुंबईपासून आगगाडीनें कांहीं तासांच्या अंतरावर राहत होतीं, आणि वरलीं ३७० व ३७४ हीं दोन्ही कलमें त्या काळीं पुस्तकांत जशींच्या तशीं होतीं.

मग तीं लागू कां झालीं नाहींत? याचें एक कारण उघड आहे: फिर्याद देणारा अडाणी आणि ती घेणारा सावकाराच्या ओटीवर बसणारा. पण याहून खोल असें दुसरें कारण कायद्याच्या शब्दांतच होतें. कायदा 'इच्छेविरुद्ध' असें म्हणतो. सावकार कागद पुढें करी आणि म्हणे, हा पाहा याचा अंगठा, हा स्वतःच्या पायांनीं माझ्या दारीं आला. दोरखंड किंवा साखळी दिसली असती तर मॅजिस्ट्रेटास सक्ती दिसली असती. कर्ज हें साखळीसारखें दिसत नाहीं.

पुढची हकीकत जिथें सुरू झाली तें स्थळ आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचें आहे. अंगारकीला टिटवाळ्याच्या गणपतीस कल्याण-डोंबिवलीकडून लोटणारी गर्दी आपण जाणतों. त्याच टिटवाळ्यास जानेवारी १९४५ मध्यें किसान सभेची परिषद भरली होती आणि उंबरगांवकडचे कांहीं वारली तेथें आले होते. शामराव परुळेकर आणि गोदावरी परुळेकर यांची व त्यांची गांठ तेथें पडली. गोदावरीबाई पूर्वाश्रमीच्या गोखले, कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजांत काम केलेल्या. म्हणजे आमच्या-तुमच्या घरांतल्याच. पुढें २३ मे १९४५ रोजीं झरी या गांवीं वारल्यांची मोठी सभा झाली. वेठ करावयाची नाहीं. सावकाराच्या खासगी शेतावर रोख बारा आणे रोज मिळाल्यावांचून राबावयाचें नाहीं. मारहाण झाली तर एकत्र उभें राहावयाचें. ठराव एवढेच होते. त्यानंतर कांहीं आठवड्यांतच वारली गांवोगांव जाऊन लग्नगड्यांस बाहेर काढूं लागले, आणि पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ती रीत कोणत्याहि न्यायालयाचा हुकूम न होतां मोडली. गोदावरीबाईंनीं 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० सालच्या पुस्तकांत हें सर्व सांगितलें आहे, आणि तें ज्यांनीं वाचलें नसेल त्यांनीं आमचा हा लेख अर्धा टाकून तें प्रथम वाचण्यास हरकत नाहीं.

कायद्याचा हात शेवटीं पोंचला, तो असा. त्याच वर्षीं गवतकापणीच्या हंगामांत मजुरीचा तंटा चालू असतां, गोदावरीबाईंच्या जिवास धोका आहे अशी खोटी बातमी पसरली आणि हजारों वारली तलवाड्यास जमले. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं त्यांच्यावर पोलिसांनीं गोळीबार केला. जेठ्या गांगड याच्यासह पांच जण ठार झाले. परुळेकर पतिपत्नींस पुढें जिल्ह्यांतून हद्दपार करण्यांत आलें. परुळेकरांचें राजकारण सर्वांस पटेल असें नाहीं, आम्हांसहि तें सर्वस्वीं पटतें असें नाहीं. परंतु तें न पटणाऱ्यानेंहि एका प्रश्नाचें उत्तर दिलें पाहिजे. ज्या वर्षीं वेठ लावणाऱ्यावर एक वर्षाच्या कैदेचें कलम चौऱ्यांशी वर्षें पुस्तकांत पडून होतें, त्या वर्षीं बंदूक वेठ नाकारणाऱ्यावरच कां रोखली गेली?

तीन वर्षांनीं, ३ डिसेंबर १९४८ रोजीं, घटना समितींत ज्या कलमाची चर्चा झाली तेंच आज घटनेचें २३ वें कलम आहे. माणसांचा व्यापार, बिगार आणि तत्सम सक्तीची मजुरी यांस त्यानें मनाई केली व ती मोडणें हा कायद्यानें शिक्षेस पात्र असा गुन्हा ठरविला. 'बिगार' हा आपल्या बोलींतला शब्द इंग्रजी संहितेंत तसाच बसविला गेला, कारण त्याला चपखल प्रतिशब्द त्या भाषेंत नव्हता. घटनेच्या ३५ व्या कलमानें संसदेवर अशी जबाबदारी टाकली कीं, या गुन्ह्यांसाठीं शिक्षा ठरविणारे कायदे शक्य तितक्या लवकर करावेत. वेठबिगारीपुरता तो कायदा १९७६ सालीं झाला, तोहि आणीबाणींतील वीस कलमी कार्यक्रमाच्या ओघांत. २५ ऑक्टोबर १९७५ पासून तो अमलांत आल्याचें मानलें गेलें. 'शक्य तितक्या लवकर' याचा अर्थ सव्वीस वर्षें असा झाला.

कायदा मात्र चांगला झाला, हें मान्य केलें पाहिजे. वेठबिगार त्या क्षणापासून मुक्त, त्याचें कर्ज रद्द. कर्ज वेठीचें नव्हे असें सावकाराचें म्हणणें असेल तर तें त्यानेंच सिद्ध करावयाचें; मजुरानें नव्हे. वारली जोडप्यांस ज्या अंगठ्यानें बांधलें होतें त्याची सारी शक्ति या एका तरतुदीनें काढून घेतली. वेठ लावणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. गुन्हा दखलपात्र आहे, पण जामीनपात्रहि आहे. हे दोन हजार रुपये १९७६ चे आहेत. १९८२ सालीं आशियाई क्रीडासामन्यांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यांत न्यायमूर्ति भगवती यांनीं आणखी एक पाऊल पुढें टाकलें: किमान वेतनाहून कमी मोलावर कोणी राबत असेल तर तीहि सक्तीचीच मजुरी, कारण भूक हीहि सक्तीच आहे. साखळी न दिसणाऱ्या मॅजिस्ट्रेटास हें उत्तर होतें.

यापुढची गोष्ट शब्दांची आहे आणि आम्हांस ती सर्वांत अस्वस्थ करते. डिसेंबर १९१२ मध्यें नव्हे, शंभर वर्षांनंतर, डिसेंबर २०१२ मध्यें दिल्लींत जें घडलें त्यानंतर न्यायमूर्ति वर्मा समिति नेमली गेली. ३ फेब्रुवारी २०१३ च्या वटहुकुमानें जुनें ३७० वें कलम काढून माणसांच्या व्यापाराविरुद्ध नवें कलम घातलें. धाक, फसवणूक, आमिष किंवा सत्तेचा गैरवापर करून शोषणासाठीं माणसें गोळा करणें, नेणें, लपविणें, स्वीकारणें, हें सारें त्यांत आलें. बळी पडलेल्याची संमति विचारांत घ्यावयाची नाहीं हेंहि आलें. शोषणाच्या व्याख्येंत 'सक्तीची मजुरी' हे शब्द स्पष्टपणें होते. दोनच महिन्यांनीं संसदेनें मंजूर केलेल्या कायद्यांत ते शब्द नाहींसे झाले. शारीरिक शोषण, लैंगिक शोषण, गुलामगिरी व तत्सम प्रथा, दास्य, अवयव काढून घेणें, हें सर्व राहिलें. नव्या न्याय संहितेच्या १४३ व्या कलमांत या यादींत भीक मागविण्याची भर पडली. सक्तीची मजुरी परत आली नाहीं. संघटित गुन्हेगारीच्या १११ व्या कलमांत माणसांच्या व्यापाराचा उल्लेख आहे, तेथेंहि हेतु म्हणून वेश्याव्यवसाय आणि खंडणी यांचीच नांवें आहेत.

वकील मंडळी यावर सांगतात कीं, 'शारीरिक शोषण' आणि 'गुलामगिरीसदृश प्रथा' यांत मजुरी येतेच. येतही असेल. पण फौजदारी कायदा उच्च न्यायालयांत वाचला जाण्यापूर्वीं तालुक्याच्या पोलीस ठाण्यांत रात्रपाळीच्या हवालदाराकडून वाचला जातो. १४३ व्या कलमाखालीं कमींत कमी सात वर्षें, एकाहून अधिक माणसें असतील तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत; १४६ व्या कलमाखालीं फार तर एक वर्ष. मुकादम कुटुंबच्या कुटुंब उचल देऊन दुसऱ्या जिल्ह्यांत नेतो तेव्हां यांपैकीं कोणतें कलम लावावें, हें यादींतल्या दोन शब्दांच्या असण्या-नसण्यावर ठरतें. ते दोन शब्द लिहून ठेवावयास कागद कमी पडला असता असें आम्हांस वाटत नाहीं.

पुन्हा वागळे इस्टेटीकडे येऊं. १ ऑगस्ट १९६२ रोजीं, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असतां, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म याच वसाहतींत झाला. कोंकणांतून, घाटावरून आणि पुढें उत्तरेंतून आलेल्या हजारों कुटुंबांस येथें हजेरीपट, भविष्यनिर्वाह निधि आणि आजारपणांत कामगार विमा योजनेचें रुग्णालय या गोष्टी प्रथम पाहावयास मिळाल्या. डोंबिवली, ठाणें, मुलुंड येथील आपल्या कित्येक मध्यमवर्गीय घरांची पहिली पिढी या कारखान्यांच्या पगारावर उभी राहिली. आतां पुष्कळ कारखाने गेले, कांचेच्या इमारती आल्या. पण त्यांच्या पाठीशीं येऊरचा डोंगर तसाच आहे आणि त्यावर आदिवासींचे पाडेहि आहेत. हजेरीपट त्या बाजूस फारसा चढला नाहीं.

जिल्ह्यांत वेठ शोधण्याचें काम १९७६ च्या कायद्यानंतर सरकारी दक्षता समित्यांचें होतें. प्रत्यक्षांत वसई तालुक्यांतील वेठबिगारांस त्या कायद्याचा खरा अर्थ कळला तो विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनीं १९८२ सालीं उभारलेल्या श्रमजीवी संघटनेमुळें. सुटका झालेल्या मनुष्यास कलेक्टरच्या सहीचा दाखला मिळाल्याखेरीज पुनर्वसनाची रक्कम मिळत नाहीं, म्हणून त्यांच्या लढ्याचा अर्धा भाग सावकाराविरुद्ध आणि अर्धा कचेऱ्यांविरुद्ध गेला. २०१४ सालीं डहाणू, तलासरी, वसई हा भाग पालघर जिल्ह्यांत गेला. ठाण्याकडे राहिलेल्या भिवंडी, कल्याण, शहापूर, मुरबाड या तालुक्यांत वेठीचें आजचें रूप पाहावयाचें तर वीटभट्टीवर गेलें पाहिजे.

भट्ट्यांवर राबणारे बहुतेक कातकरी. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जंगलाचे कायदे झाल्यावर कात गेला, नांव राहिलें. पावसाळ्यांत हाताला काम नसतें, तेव्हां मालक किंवा त्याचा माणूस पाड्यावर येऊन बयाणा देतो. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर येतें. आठवड्याला खर्ची मिळते, जेमतेम तांदूळ-मिठापुरती. काम हजार विटांवर मोजतात, आणि तें नवरा-बायकोच्या जोडीच्या नांवावर लागतें. विटा उलटणाऱ्या मुलांची मोजणी नसते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. फिटलें तर फिटलें. नाहीं तर बाकी पुढच्या वर्षाच्या बयाण्यांत. सर्वच मालक असे नसतात, हें आम्ही जाणतों. कांहीं ठिकाणीं हिशेब चोख होतो आणि कुटुंब चार पैसे घेऊन परततें. पण चोख हिशेब ही जेथें मालकाची मेहेरबानी असते तेथें लग्नगड्याची आठवण होतेच. २०२२ सालीं तर याहून भयंकर गोष्ट उघडकीस आली: नाशिक, नगर, ठाणें, पालघर या पट्ट्यांत कातकऱ्यांचीं लहान मुलें मेंढ्या राखण्यासाठीं दिलीं जात होतीं, आणि त्यांच्या मोबदल्यांत आईबापांस कोठें एखादी मेंढी, कोठें थोडे पैसे. एका मुलीचा मृत्यु झाला तेव्हां चौकशी सुरू झाली.

गेल्या उन्हाळ्यांत कल्याण तालुक्यांतल्या एका भट्टीवर आम्ही एका मित्रासोबत उभे होतों. मित्राचें घरबांधणीचें काम चालू होतें आणि त्यास विटांचा भाव विचारावयाचा होता. तो भाव विचारीत असतां आम्हीं तेथल्या एका कातकरी गृहस्थास सहज विचारलें, "दादा, किती विटा झाल्या यंदा?" आंकडा त्यानें लगेच सांगितला, रोजच्या थापलेल्या विटा त्याला तोंडपाठ होत्या. मग विचारलें, "आणि शेटचें देणें किती राहिलें?" तो हंसला. "तें वहींत असतं साहेब. वही शेटकडं."

एवढें बोलून तो वळला, कारण कालवलेला चिखल वाळत चालला होता.